शिशाची भट्टी

आमचं लग्न झालं त्याच वर्षी ह्यांना चिंचवडला काम लागलं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची एक शेड होती, तिथं. घरी आले की अंगाला गोडसर धुराचा वास यायचा. मला तो आवडायचा, कारण तो ह्यांचा होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात ह्यांच्या पोटात पीळ पडायला लागला. शेजारच्या कनीजभाभी म्हणाल्या, पिंपरीच्या कॅम्पात सिंधी डॉक्टर आहेत, हात चांगला आहे त्यांचा. गेलो. डॉक्टरांनी काम विचारलं. मी म्हटलं, शिशाच्या भट्टीवर. त्यांनी विचारलं, तळेगावकडे का? शेड त्याच बाजूला होती, मी हो म्हटलं. भट्टीच्या आचेनं अंगातलं मीठ जातं, म्हणून पोट दुखतं, असं त्यांनी समजावलं. लिंबू-मीठ-पाणी द्या आणि कामावर जाऊ द्या.

मी रोज तांब्या भरून द्यायचे. हे हसायचे. "दारात लिंबूच लाव आता. नवरा नसला तरी झाड ऱ्हाईल."

पावसाळा सरता सरता ह्यांची मनगटं लोंबायला लागली. घास उचलेना. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी खालचा ओठ ओढला, हिरडीवरची निळसर रेघ पाहिली आणि मराठीत सरळ विचारलं, शिसं वितळवता का? काम त्या दिवशी सुटलं. पोट बरं झालं. हात मात्र परत आले नाहीत.

कॅम्पातल्या डॉक्टरांना सांगायला हेच मला घेऊन गेले. दुसरा कुणी आला तर त्यांना ठाऊक असावं, म्हणून. डॉक्टरांनी मान खाली घालून टेबलावरच्या काचेवर बोट ठेवलं.

"बाई, आमच्या सिंधीत शिसं या धातूला शीहो म्हणतात. शीशा म्हणजे काच. तळेगावला काचेचा कारखाना आहे. तुम्ही शिशाची भट्टी म्हणालात, मी काच समजलो."

आमच्या भाषेत दुसरा शब्द नव्हता. त्यांच्या कानालाही दुसरं ऐकू येणार नव्हतं.

हे म्हणाले, "असू द्या, डॉक्टरसाहेब." निघताना ह्यांनी नमस्कार करायला हात वर घेतले. पंजे खालीच लोंबत राहिले. मग मी ते माझ्या दोन्ही हातांत धरून जुळवले आणि डॉक्टरांनी मान वर करेपर्यंत तसेच धरून उभी राहिले.