अर्धवट भाजलेली वाळू

शेखरला चाकणच्या कंपनीने घरी बसवलं, तेव्हा त्याच्या हातात एकच विद्या होती, पाइप वाकवण्याची. कंपनीत ते काम मशीन करायचं आणि हा बटण दाबायचा. पण ऐट अशी, की जणू पाइप याच्याच धाकाने वाकतात. काळेवाडीच्या दोन खोल्यांत मशीन कुठून येणार? म्हणून त्याने जुनी रीत उचलली. पाइपात वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी गुट्ट्या ठोकायच्या आणि गॅसच्या जाळावर लाल करून वाकवायचा. आत वाळू असली की पाइप चेपत नाही. हौशी लोक जीपचे गार्ड आणि टपावरची कॅरिअर त्याच्याकडून करून घेऊ लागले.

वाळू मात्र खडखडीत कोरडी लागते. ती भाजायचं काम उत्कर्षाचं, त्याच्या बायकोचं. सकाळचा स्वयंपाक उरकला की ती मोठ्या कढईत तासभर वाळू परतायची, शेंगदाणे भाजावेत इतक्या निगुतीने. शेखर मित्रांत तिची थट्टा करायचा, आमच्याकडे वाळूसुद्धा खमंग लागते म्हणायचा. तीही हसायची. खरं तर त्याचा सगळा धंदा तिच्या मनगटावर उभा होता, पण हे कबूल करायला मोठं मन लागतं आणि ते शेखरकडे नव्हतं.

त्या शनिवारी एक जीपवाला अंगणातच खुर्ची टाकून बसला. त्याला दुपारी गाडी घेऊन डोंगरात जायचं होतं. उत्कर्षाने कढईत उलथनं घालून पाहिलं, तर खालची वाळू अजून दमट होती. तिने अर्धा तास मागितला. गिऱ्हाइकासमोर बायकोने थांबवलेलं शेखरला झोंबलं.

"उतरव कढई," तो म्हणाला. "मला शिकवू नकोस."

तिने उतरवली. त्याने वाळू भरली, गुट्ट्या ठोकल्या आणि पाइपाचं एक टोक तिला धरायला लावलं. मधे जाळ धरल्यावर आत कोंडलेल्या पाण्याची वाफ झाली. तिच्याकडची गुट्टी गोळीसारखी सुटली आणि मागोमाग तापलेली वाळू तिच्या तोंडावर आली.

डावा डोळा गेला. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी ते स्पष्ट सांगितलं आणि घरी न्यायला परवानगी दिली. तोवर तळेगाव दाभाड्याहून तिचा भाऊ प्रीतम येऊन बसला होता. चूक दाजींची असेल तर ताईला त्या घरात पाठवणार नाही, असं तो वॉर्डात सगळ्यांदेखत म्हणाला.

उत्कर्षाने त्याचा हात धरला. "वाळू मीच भाजते रे. माझ्याकडूनच ओली राहिली."

प्रीतमने शेखरकडे पाहिलं. "दाजी, असंच झालं का?"

उत्कर्षाही पाहत होती, उरलेल्या एका डोळ्याने. तिने नवऱ्याला वाचवलं होतं. आता त्याने निदान गप्प बसायचं होतं. तेवढंही त्या माणसाला जमलं नाही.

"मी तिला बजावलं होतं," शेखर म्हणाला. "नीट भाज म्हणून."

उत्कर्षा पदर सावरून खाटेवरून खाली उतरली.

"प्रीतम, गाडी आणलीयस ना?" ती म्हणाली. "मी तुझ्याबरोबर येते."