शिंगांचा रंग माझ्या अंगावर

मी एक जुनी गॅसची शेगडी आहे, पण जुनी म्हटलेलं मला मुळीच आवडत नाही. मित्रांनो, महागावजवळच्या एका शेतकरी घरात मी सतरा वर्षं रांधते आहे. अंगाने लोखंडी पत्र्याची, रंगाने निळी. मी आले तेव्हा घरच्या मालकीण विमलताईंनी मला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारच्या बिजलीबाई मुद्दाम मला बघायला आल्या. तेव्हापासून मी जरा गर्विष्ठच आहे.

पण कौतुक किती दिवस टिकणार? भात उतू जायचा, वरण सांडायचं. शेतात जायच्या घाईत विमलताई माझ्यावर सरळ तांब्याभर पाणी ओतायच्या. ते माझ्या पोटाखाली साचून राहायचं. हळूहळू पायांना गंज चढला, कडेच्या रंगाचे पोपडे सुटू लागले. मग एक दिवस विमलताईंच्या यजमानांच्या, म्हणजे बापूजींच्या ताटात, अंबाडीच्या भाजीत निळा पोपडा निघाला. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

उपाय बापूजींनीच शोधला. नुकताच पोळा झाला होता. बैलांची शिंगं रंगवून अर्धा डबा लाल रंग उरला होता. त्यांनी तोच माझ्या गंजावर, पोपड्यांवर, अगदी बर्नरच्या कडांवरही फासला आणि स्वतःवर भारी खूश झाले. दुसऱ्या दिवशी विमलताईंनी चहा ठेवला मात्र, रंगाला फोड आले, काळा धूर निघाला आणि असा उग्र वास सुटला की सगळे खोकत अंगणात पळाले.

“काहून हो, शेगडीले बैलाचं शिंग समजून राह्यले का तुम्ही?” विमलताई कडाडल्या.

“रंग तर रंगच असते ना! जाऊ दे, भंगारात देऊन टाकू. नवी आणू,” बापूजी पुटपुटले.

भंगार! महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, चार दिवसांवर आल्या होत्या. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, आंबील, सगळा स्वयंपाक दरवर्षी माझ्यावरच व्हायचा. यंदा माझ्या जागी दुसरीच कुणी बसणार, या विचाराने मी खचून गेले.

विमलताईंनी मात्र मला पोत्यात गुंडाळून महागावला रिजवान मिस्त्रींकडे नेलं. त्यांनी मला उलटं केलं आणि ते पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक ठिकठिकाणी दाबून पाहू लागले. “टोक आत गेलं तं पत्रा संपला समजा, काकू.” पाठ टिकली. कडा टिकल्या. डाव्या पायाशी मात्र टोक आरपार गेलं. विमलताईंचा चेहरा उतरला.

रिजवान हसले. “पायच सडला फक्त. दुसरा बसवून देतो. बाकी जंग वरवरचा हाय. पण तो खरडल्याबिगर रंग लावसान, तं तो खालून पत्रा खातच राह्यते.”

मग तारेचा ब्रश फिरला, पॉलिश पेपर फिरला. दुखलं का? दुखलं, पण खाजही भागली. मला थिनरने पुसून, बर्नर मोकळे ठेवून, आच सोसणाऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि दोन दिवस वाळत ठेवलं.

महालक्ष्म्यांच्या दिवशी विमलताईंनी पदर नाकाला लावूनच मला पेटवलं. निळी ज्योत लागली. धूर नाही, वास नाही. त्यांनी पदर सोडला आणि पुरणाची डाळ चढवली. मित्रांनो, किती हलकं वाटलं मला!

दुपारी आंबील उतू गेली. बापूजी पाण्याचा तांब्या घेऊन धावले.

“पाणी नका टाकू! थंड होऊ द्या, मंग कोरड्या फडक्यानं पुसा,” विमलताई म्हणाल्या.

तुमच्या घरच्या शेगडीलाही बोलता येत नाही, तेव्हा तिच्याखाली एकदा वाकून बघा. त्या दिवशी बापूजी फडकं घेऊन वाकले आणि हळूच माझं पोट पुसू लागले. सतरा वर्षांत तिथे पहिल्यांदाच घरातल्या कुणाचा हात पोचला.