काविळीच्या कढणाचा गंज

मित्रांनो, मी एक जुना पितळी गंज आहे. तुमच्याकडे पातेले म्हणत असतील. मला माणसांचा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड बोलणे मला जमत नाही.

भंडाऱ्याच्या तांबटाने मला ठोकून घडवले आणि सिंदी रेल्वे या गावच्या तानबाने विकत आणले. तानबा काविळीचे कढण देत असे. मूग, भुईआवळी, घेटुळीची मुळे आणि आंबट ताक असे सगळे माझ्यात शिजायचे. दर रविवारी अनशापोटी येईल त्याला तो ते फुकट पाजायचा. पितळेत आंबट शिजवायचे तर आत कल्हई हवी, नाहीतर ते कळकते आणि विषासारखे बाधते. तानबाला हे ठाऊक होते. दर दिवाळीला तो मला घेऊन कल्हईवाल्यापुढे बसायचा. तेव्हा मी आतून लख्ख होतो आणि मला त्याचा माजही होता.

चौऱ्याहत्तर साली तानबा वारला आणि त्याची सून जयवंता कढण देऊ लागली. "मामाजीच्या हातचा गुण या गंजात हाय," ती म्हणायची. तो गुण जाऊ नये म्हणून तिने मला आतून घासणे सोडले. कल्हईवाला दारात आला की ती त्याला हाकलून द्यायची. बाहेरून मात्र मी चिंचेने चकचकीत! पुलगावहून लोक येत, आधी माझ्या पाया पडत, मग कढण पीत. आत हिरवे डाग पडले होते, पण एकाही शहाण्याने वाकून पाहिले नाही. काहीजण अंगणातच ओकत. "पित्त पडून राह्यलं, चांगलं हाय," जयवंता सांगायची आणि ते समाधानाने घरी जात. मला त्यांचा संताप यायचा, तिचा त्याहून जास्त.

ब्याऐंशीच्या पोळ्यानंतर तिचाच मुलगा चंद्रभान पिवळा पडला. कढण चढवण्याआधी त्याची बायको गोपिका हिने मला उचलून उजेडात धरले.

"आत्याबाई, हा आतून हिरवा झाला. कल्हई लावून आनू द्या."

"माह्या सासऱ्याचा गुण खरवडून टाकतं का? ठेव खाली!"

"त्यायचा गुण दिसते तुम्हाले, हे डाग काऊन नाई दिसत?"

जयवंताने मला तिच्या हातातून हिसकावले. तीन दिवस चंद्रभान माझ्यातले कढण प्याला. तिसऱ्या दिवशी त्याच्या उलट्या थांबेनात आणि त्याला मान उचलवेना. जयवंता तरी आणखी एक वाटी भरून आणू लागली. गोपिकेने मला उचलून अंगणात पालथे केले.

"तो मरून राह्यला आत्याबाई!"

"माहा पोरगा हाय तो!"

"म्हनून माराले पाह्यता?"

शेजारच्या प्रभाकररावांनी बैलगाडी जुंपली. गोपिका नवऱ्याला घेऊन स्टेशनकडे निघाली, तिथून वर्ध्याच्या दवाखान्यात. जयवंता उंबऱ्यात उभी राहून ओरडली, "गेली तं या घरात पाय नोको ठेवजो!"

वीस दिवसांनी चंद्रभान आपल्या पायांनी घरी आला. गोपिका कुणाला न विचारता आत शिरली आणि डॉक्टरांचे म्हणणे तिने एका दमात सासूला ऐकवले. कावीळ साधी होती. जिवावर बेतले ते कळकलेल्या कढणाने.

दुसऱ्या दिवशी जयवंताने मला पदराखाली घेतले आणि ती बाजारात कल्हईवाल्याकडे गेली. तो मला आतून खरवडू लागला, तसा हिरवा चुरा मातीत पडत गेला.

"किती वर्सं झाले बाई, कल्हई नाई?"

"आठ."

चुऱ्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "गिरडची शकुबाई पोरीले घेऊन कढन प्याले आलती. दोघी माह्या आंगनातच ओकल्या. मंग पुन्हा काऊन आल्या नाई?"

कल्हईवाल्याला त्यातले काही कळले नाही. तो भाता मारत राहिला.

त्या मायलेकी बऱ्या झाल्या असतील, नाहीतर नसतील. मलाही ठाऊक नाही. मित्रांनो, आता मी पुन्हा लख्ख आहे, माझ्यात नुसता भात शिजतो. रविवारी जयवंता ओट्यावर बसून रस्त्याकडे बघते. तिची कीव करायचे माझ्या मनात येत नाही. तुम्हीही भांड्यांच्या पाया पडू नका. ती घासा, कल्हई लावा आणि कुणाला पाजण्याआधी आत बघा. नंतर बघून माणूस परत येत नाही.