यात कोणीच नाही

“घरच्या माणसांबरोबर फिरायला गेलीस की दोन पावलं मागून चाल,” आई सांगायची. “पुढे चालणाऱ्याला रस्ता दिसतो, मागून चालणाऱ्याला माणसं दिसतात.”

हे तिला कुठल्या अनुभवातून सुचलं ते तिने कधी सांगितलं नाही. वडिलांची पाठ तिने चाळीस वर्षं पाहिली होती, तेवढं पुरलं असावं. मी तिचं ऐकते. त्यामुळे त्या सकाळी समुद्रकाठच्या फरसबंद रस्त्यावर माझ्यापुढे चार पाठी चालल्या होत्या. त्यातली सगळ्यांत पुढची आणि सगळ्यांत रुंद पाठ आमच्या जावईबापूंची.

जावईबापू म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. नवग्रहांची शांत करता येते, दहाव्याची येत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. यांना पाहिल्यावर ते पटतं. ते प्लास्टिकच्या पाण्याच्या टाक्या विकतात. धंदा चांगला आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण टाक्या विकता विकता त्यांची अशी समजूत झाली आहे की पाणी या विषयावर शेवटचा शब्द आपला. आणि समुद्र म्हणजे झालं तरी पाणीच.

“ओहोटी कसली घेऊन बसलात?” कठड्यावर हात ठेवून ते म्हणाले. “सरळ सांगा ना, लीकेज आहे!”

हा विनोद त्यांनी नऊ ते अकराच्या दरम्यान चार वेळा केला. एकदा आम्हाला, एकदा फेरीबोटीच्या तिकीट-खिडकीतल्या माणसाला, एकदा रस्ता झाडणाऱ्याला, आणि मग पुन्हा आम्हाला, कारण तिकीटवाला हसला नव्हता. आमचे हे चारही वेळा हसले. ह्यांचं हसणं म्हणजे घरातल्या दारासारखं आहे, कोणीही ढकललं की उघडतं. त्याच्या मागोमाग “हो ना” येतं. “समुद्राला झाकण हवं होतं.” “हो ना.” “दीपगृह जरा बुटकंच वाटतं.” “हो ना.”

आम्हा पाचही जणांच्या डोक्यावर पोपटी रंगाच्या टोप्या होत्या. जावईबापूंनी आणलेल्या, कंपनीच्या. त्यांवर लिहिलेलं होतं, ‘साठवा, निश्चिंत राहा’. गर्दीत कोणी हरवू नये म्हणून, असं ते म्हणाले. गर्दी नव्हती. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेऊन त्यावर टोपी घातली होती आणि वर नणंदेला म्हणत होत्या, “बघ, किती विचार करतात माणसांचा!”

दहाच्या सुमाराला सगळे चहाला थांबले.

“वहिनी, तुम्ही?”

“मला नको. मी एकदाच जेवते, भाऊजी.”

“अहो, देवसुद्धा सुट्टीवर गेलाय आज!”

ह्यांचं दार उघडलं. मी हसले नाही आणि रागावलेही नाही. एकदाच जेवायचं आणि जेवताना बोलायचं नाही, एवढाच माझा नेम. सतरा वर्षं झाली. त्यात दुसऱ्याला खुपण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण काही माणसांना, आपण विकत नाही अशी कुठलीही गोष्ट दुसऱ्याकडे दिसली की चैन पडत नाही.

फेरीबोटीच्या धक्क्यापुढे फरशी संपली आणि होड्या दुरुस्त करायची जागा लागली. तिथे वाळूवर लाकडी ओंडके आडवे टाकून त्यांवर आठ-दहा होड्या ओढून घेतलेल्या होत्या. एक बाई एका होडीपाशी उकिडवी बसून दोन फळ्यांच्या मधल्या फटीत कापसाची वळलेली दोरी बसवत होती. डाव्या हातात चपट्या तोंडाचं लोखंड, उजव्या हातात लाकडी हातोडा. दोन हलके ठोके, एक जड. दोन हलके, एक जड. दोरी आत जाताना ठोक्याचा आवाज बदलायचा, तो ऐकूनच ती पुढे सरकत होती, फटीकडे पाहतसुद्धा नव्हती. मला वाटलं, हिचा जप चाललाय.

“वॉटरप्रूफिंग!” जावईबापू म्हणाले. “जुनी पद्धत. आमच्याकडे एकसंध येतं, जोडच नाही. काय?”

“हो ना,” हे म्हणाले.

बाईने वर पाहिलं. आधी पोपटी टोप्या पाहिल्या, मग जावईबापूंच्या गळ्यातला कॅमेरा. कॅमेरा मोठा होता, त्याच्या पुढच्या नळीत लहान मूल हात घालेल एवढा. ती उठली, हात पुसले.

“साहेब, एक फोटो काढाल का? माझा नाही हो. म्हणजे माझा, पण त्या होडीबरोबर.”

ती होडी सगळ्यांत टोकाला होती. एका अंगाला कललेली, रंग गेलेला, तळाच्या फळ्या हाताने उचकटाव्यात अशा. तिच्या काठावर एक भंगारवाला पहार मांडीवर ठेवून बसला होता. बंदराच्या कचेरीने मोडक्या होड्या उचलायला सांगितलं होतं आणि आज हिची पाळी होती. चार वाजता त्याची माणसं येणार, आणि संध्याकाळपर्यंत होडीचं जळण होणार.

“माझ्या वडिलांनी बांधलेली,” बाई म्हणाली. “नावेवर नाव आईचं.”

ते नाव होडीच्या नाकाडाजवळ निळ्या रंगात होतं. मोठी अक्षरं, तीन फळ्यांवर पसरलेली. दर वर्षी ती त्यांच्यावरून रंगाचा हात फिरवायची. आई ती पाच वर्षांची असताना गेली. तिचा फोटो कोणी कधी काढला नव्हता, कागद नव्हता, दागिना नव्हता. ती होती याची खूण म्हणजे ही अक्षरं.

“मग फळ्याच काढून ठेवा ना,” नणंद म्हणाली.

बाईने पहिल्या अक्षराच्या कडेला नख लावलं. लाकडाचा भुसा झाला आणि खाली पडला. “फळी केव्हाच गेली, ताई. रंगाने धरून ठेवलीय.”

“मी काढतो की माझ्या फोनवर,” भंगारवाला म्हणाला. “कधीची सांगतेस, आता घे काढून.”

“तुझा फोन तुझ्यासारखाच, अर्धा फुटलेला,” ती म्हणाली. “साहेब काढतायत ना. मोठ्या कॅमेऱ्याने.”

“अरे, म्हणजे काय!” जावईबापूंची छाती कॅमेऱ्याला लागली. “नुसता काढत नाही. कागदावर छापून, फ्रेम करून, दुपारी तुमच्या हातात आणून देतो. शब्द आहे आपला!”

शब्द हा त्यांचा दुसरा माल. त्याला साठवणीची अडचण नसते.

मग फोटो निघाले. कॅमेरा नणंदेकडे दिला, कारण जावईबापूंना फोटोत असायचं होतं. होडीला टेकून जावईबापू. होडीवर पाय ठेवून जावईबापू. बाईचा हातोडा हातात घेऊन, उलटा धरून, जावईबापू. बाईला त्यांनी एका बाजूला उभं केलं, “हसा, हसा” म्हणाले, आणि स्वतः बरोबर नावापुढे उभे राहिले. आईची सगळी अक्षरं त्यांच्या पाठीमागे गेली.

माझा आवाज मुळातच लहान आहे. तरी मी म्हणाले, “वन्सं, एक फक्त त्या बाईंचा काढा ना. त्यांचा आणि होडीचा.”

नणंद मनाने वाईट नाही, तिला फक्त सांगायला लागतं. जावईबापू घाम पुसायला बाजूला झाले तेवढ्यात तिने तो काढला. मी मागून डोकावून पाहिला. बाईने एक हात शेवटच्या अक्षराखाली धरला होता, जसा बाळाच्या मानेखाली धरतात तसा. हसली नव्हती. फार चांगला आला होता.

आम्ही निघालो. पुढच्या पाठी निघाल्या म्हणून मी निघाले. बाई माझ्यामागे चार पावलं आली.

“ताई, साहेब येतील ना? चारच्या आधी? मोडल्यावर नको मला. आधी हातात घेऊन एकदा होडीशेजारी धरून बघेन म्हणते. बरोबर आलंय ना ते.”

मला जावईबापू ठाऊक होते. म्हणून मी म्हणाले, “मी आणून देते. चारच्या आत.”

“तुम्ही?”

“मी.”

तिचा चेहरा सैल झाला. ती परत जाऊन बसली. दोन हलके, एक जड.

हॉटेलच्या जेवणघरात पंख्याखालचं टेबल मिळालं. समोर, रस्त्याच्या पलीकडे, फोटो छापून देणाऱ्याचं दुकान होतं. ते मी आत येतानाच पाहून ठेवलं होतं. जेवण झालं की कॅमेरा मागायचा, दहा मिनिटांचं काम. ताट आलं. मी हात जोडले, डोळे मिटले आणि पहिला घास घेतला. त्यापुढे माझं तोंड बंद.

जावईबापूंनी एका हाताने जेवत दुसऱ्या हातात कॅमेरा धरला आणि सकाळचे फोटो पाहायला घेतले. “हा ठेवू. यात पोट दिसतंय, काढून टाकू. हा बघा, आई, दीपगृह आणि मी, बरोबरीचे वाटतो की नाही?”

“शोभून दिसता,” सासूबाई म्हणाल्या.

“हा ठेवू. हाही. हा... हा कशाला काढलास गं?”

नणंदेने मान लांब केली. मीही केली. बाई, होडी, निळी अक्षरं.

“यात कोणीच नाही,” जावईबापू म्हणाले.

आणि अंगठा बटणाकडे गेला.

मी टेबलावर हात आपटला. वाटी उडाली. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवत होते, बोटाने कॅमेऱ्याकडे दाखवत होते.

“मीठ,” आमचे हे समजल्यासारखे म्हणाले. “हिला मीठ हवंय.”

जावईबापूंनी डाव्या हाताने मीठ माझ्याकडे सरकवलं आणि उजव्या अंगठ्याने तो फोटो पुसून टाकला.

मी बोलू शकले असते. एक शब्द, “नको”, दोन अक्षरं. देवाने माझा घसा धरला नव्हता. मी सतरा वर्षांचा नेम मोडला नाही, आणि मोडला नाही याचं मला त्या क्षणी आतून बरंही वाटलं. हे मी लपवत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या पाठी पाहून नाकं मुरडणारी मी, पण त्या टेबलावर सगळ्यांत हलकं माणूस कोण होतं हे मला नीट ठाऊक आहे. जावईबापूंना निदान आपण काय पुसतोय ते कळत नव्हतं.

आचवून आले आणि बोलले. “भाऊजी, तो फोटो त्या बाईंना द्यायचा होता.”

“कुठल्या बाईंना?”

“होडीवाल्या. तुम्ही शब्द दिलात.”

“अच्छा, ती!” ते मनापासून हसले. “अहो वहिनी, असं बोलायचं असतं. माणूस खूश होतं. आणि माझे आहेत की त्या होडीबरोबर पाच-सहा. त्यातला देऊ एखादा.”

“त्यात नाव दिसत नाही.”

“मग दुसऱ्या कुठल्या होडीचा देऊ. तिला काय कळतंय!”

“हो—” हे म्हणाले, आणि माझ्याकडे पाहून “ना” गिळलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यात गिळलेलं हे पहिलं.

“एवढ्या उन्हात आता कोण जातंय परत,” नणंद जांभई देत म्हणाली. सासूबाई मात्र दुखावल्या. “जावयाला असं वकिलासारखं विचारू नये गं. पाहुणा माणूस. चला, पडा जरा सगळे. संध्याकाळी आकाशपाळण्यात बसायचंय त्यांना.”

सगळे पडले. दोन खोल्या, मधलं दार उघडं. पलीकडून जावईबापूंचं घोरणं येऊ लागलं, टाकी भरत आल्यावर नळ करतो तसं. सासूबाई बाहेरच्या दाराशी गादी टाकून झोपल्या होत्या. त्यांना ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येणार नव्हतं.

माझ्याकडे बटणांचा फोन आहे, त्यात फक्त माणसं बोलतात. ह्यांचा फोन खिडकीपाशी चार्जिंगला लावला होता. गोल खूण दाबली की फोटो निघतो एवढं मला येतं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. इथून होड्यांपर्यंत भराभर चाललं तर वीस मिनिटं, तेवढीच परत, मग दुकान, मग पुन्हा तिकडे. मनातल्या मनात हिशोब केला, चारच्या आत काही जमत नव्हतं. मग भंगारवाल्याला थांबवावं लागणार. त्याच्याशी वाद घालावा लागणार, माझ्या ह्या आवाजात.

मी वायर काढली.

“तुमचा फोन नेते,” मी ह्यांच्या कानाशी म्हणाले.

डोळे न उघडता हे म्हणाले, “हो ना.” आणि मग, बऱ्याच वेळाने, झोपेतच असावं, “छत्री घे.”

छत्री नव्हती. मी चपला हातात घेतल्या, सासूबाईंच्या पायांवरून पाऊल टाकलं. त्या कुशीवर वळल्या, उठल्या नाहीत. जिना उतरून खालच्या पायरीवर चपला घातल्या. रस्ता पांढरा पडला होता आणि त्यावर एकही माणूस नव्हतं. पदर खोचला आणि धक्क्याच्या दिशेने चालू लागले.