कापसातली सरकी

अनवरीने गिटार दारातल्या उजेडात तिरकी धरली आणि तशीच धरून राहिली. समोरून पाहिलं तर आरसा. तिरकं पाहिलं तर पुढच्या पाटावर बारीक बारीक गोल ओरखडे, तारेच्या घासणीने घासलेल्या स्टीलच्या ताटासारखे.

"काय, कशी झाली?" तिच्या नवऱ्याने, जहांगीरने विचारलं. दुपारच्या, जोहरच्या नमाजाला जायचं म्हणून तो टोपी शोधत होता. टोपी डोक्यावरच होती.

"मस्त," ती म्हणाली.

"बघू तर." तो जवळ आला आणि वाकून गिटारला गाल लावला. पॉलिश डोळ्याने बघायचं नसतं, गालाने विचारायचं असतं, असं तो पहिल्यापासून म्हणायचा. नजर गेल्यापासून जरा जास्तच म्हणायचा. आतला पडदाच खराब आहे, ऑपरेशनचा काही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. "मख्खन!" तो खूश होऊन म्हणाला. "हितेंद्रला सांग, हळदीत नवरीकडे कोणी बघणार नाही."

एवढे बारीक ओरखडे गालाला कळत नाहीत. ते फक्त उजेडाला कळतात.

हितेंद्र रावेरचा, केळीवाल्यांचा मुलगा. त्याच्या बहिणीची, ज्योत्स्नाची, आज संध्याकाळी हळद. तिथे तो गिटार वाजवणार होता. गिटारची चमक गेली म्हणून त्याने ती जळगावला जहांगीरकडे आणली, कारण ज्योत्स्नाच्या रुखवतातलं कपाट त्यानेच चमकवलं होतं. आता तो गिटार न्यायला कधीही टपकणार. आणि त्याच्या पुढे-मागे धुळ्याहून त्यांचा मुलगा अतिक.

अतिकचीच जास्त भीती. मागे एका शोकेसची तक्रार आली तेव्हा पोराने बजावलं होतं, "अजून एक तक्रार आली ना अम्मी, तर मी शटर ओढणार. अब्बांना धुळ्याला नेतो, टीव्हीसमोर बसवतो."

"त्यांना दिसत नाही रे टीव्ही."

"ऐकतील मग."

जहांगीर भिंतीला हात लावत गल्लीत वळला, तशी अनवरीने त्याची पोटली उचलली. पॉलिश घासायचा तो कापडात बांधलेला कापसाचा गोळा. मेडिकलमधल्या कापसाला जीव नसतो, म्हणून जहांगीर शेतातलाच कापूस आणवायचा आणि सरकी, कचरा स्वतः बोटांनी निवडायचा. यंदाचा कापूस पारोळ्याच्या एका गिऱ्हाइकाने हौसेने दिलेला. तिने गाठ सोडली. आत, कापडाला अगदी लागून, सरकीच्या टरफलाचा तुकडा होता. नखाच्या कपच्याएवढा.

म्हणजे माणूस सकाळभर जीव लावून घासत होता, आणि जितका जीव लावत होता तितकं ओरखडत होता.

तिला हसू आलं आणि लगेच जिरलं. लग्न झाल्यापासून ती या दुकानात होती, पण तिचं काम सुरुवातीचं. खरवडणं, घासणं, भेगा भरणं. शेवटचा हात जहांगीरचा. त्या हाताला तिने कधी हात घातला नव्हता.

सर्वांत बारीक, दोन हजार नंबरचा घासायचा कागद तिने साबणाच्या पाण्यात भिजवला. गिटारच्या मधल्या भोकात जुनी ओढणी कोंबली, पाणी आत गेलं तर लाकूड फुगायचं. आणि घासायला घेतलं. गोल नाही, सरळ, लाकडाच्या रेघेने. पांढरं दुधासारखं पाणी सुटलं. पांढरं आहे तोवर ठीक. लाकडाचा पिवळा रंग उतरला की संपलं, वरचं चमकीचं लॅकर फाटलं. मग हळद रावेरला नाही, इथेच.

कपाटावर लॅकर जाड असतं, चूक पोटात घेतं. हे तर कांद्याच्या सालीसारखं. कडेला आली तेव्हा तिने श्वास धरला. पाणी पुसलं, पाहिलं. पांढरंच. पुन्हा घासलं. बाहेर मोटारसायकल थांबली, तिचे हात थांबले. पुढे गेली ती.

हळूहळू सगळा पाट दुधाळ, आंधळा झाला. आता मागे फिरता येणार नव्हतं. तिने मेडिकलचाच, जीव नसलेला कापूस घेतला, त्यावर बोटभर पॉलिशची पेस्ट, आणि चोळू लागली. आंधळ्या पाटातून आधी दाराची चौकट उगवली, मग तिच्या ओढणीची कड. तिरकं धरलं. वलयं गेली होती. तारा बांधायच्या पट्टीखाली दोन-चार राहिली, तिथे लॅकर फार पातळ. हात लावायची हिंमत तिने केली नाही.

भोकातली ओढणी उपसून ती मागे वळली, तर जहांगीर उंबऱ्यावर बसलेला. कधी आला, कोण जाणे. सोडलेली पोटली त्याच्या मांडीवर होती आणि बोटं कापसात. बोटं थांबली. त्याने काहीतरी चिमटीत धरलं, चोळलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"अहो..."

तेवढ्यात हितेंद्र आला. "चाचा, झालं का? तिकडे मंडप टाकून राह्यले, मी इथं!" त्याच्या मागोमाग पिशवी घेऊन अतिक. त्याने सलामही नीट केला नाही, सरळ गिटार उचलली आणि मोबाइलचा टॉर्च लावला. वरून, खालून, तिरका. अनवरी टॉर्चकडे बघत नव्हती, जहांगीरच्या खिशाकडे बघत होती.

"तोंड दिसून राह्यलं यात!" हितेंद्र ओरडला. "चाची, सगयं नवंच वाटते!"

अतिकने टॉर्च पट्टीपाशी जरा थांबवला. मग विझवला. "अब्बा, तुम्ही केलं हे?"

जहांगीर उठला. हात पुढे केला तशी अतिकने गिटार त्याच्यापुढे धरली. त्याने गाल टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला.

"शेवटचा हात तुझ्या अम्मीचा," तो म्हणाला. "यापुढे तिचाच. दुकान चालू आहे. चहा सांग."

अतिक चहा सांगायला गेला.

हितेंद्र गिटार घेऊन गेल्यावर जहांगीर आपल्या स्टुलावर बसला नाही. खाली पोत्यावर बसला, जिथे अनवरी बसायची. पारोळ्याच्या कापसाचं गाठोडं ओढलं आणि एकेक पुंजका बोटांनी पिंजून तिच्याकडे सरकवू लागला. ती स्टुलावर बसून पुंजके उजेडात धरत होती. तिसऱ्यातच तिला सरकीचा तुकडा दिसला. तिने तो गुपचूप ओढणीच्या टोकात घेतला.

"निघाली का?"

"नाही."

"अनवरी."

तिने तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्याने तो दोन बोटांत हळूहळू फिरवला, नव्या माणसाची ओळख करून घ्यावी तसा. मग खिशातल्या तुकड्याजवळ ठेवला आणि पुढचा पुंजका उचलला.