ओढ्याकाठचे सेल

"सर, पण हे सेल पुढं जाणार कुठं?"

सरांना हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. "तुझ्यात दम न्हाई," म्हणत धनश्रीनं चिमटाच काढला आणि भर वर्गात संस्कृती ताडकन उभी राहिली. गेल्या वर्षी हजेरी देतानाही चाचरणारी हीच ती पोरगी! शाळेनं वापरलेले सेल गोळा करायची मोहीम काढली आणि हिला वाचा फुटली. रात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी देणारी वस्ती ती. सेलांना काय तोटा? दारोदार जाऊन ती ठणकावायची, "काकू, सेल उकिरड्यात टाकू नका. खताबरोबर रानात जात्यात, मग पाण्यात." ओढ्याकाठच्या चांगुणाआजीनं तर घरातला शेवटचा सेलही तिच्या ओंजळीत टाकला होता.

"नगरला जाणार. बस खाली," सर म्हणाले.

शनिवारी सेलांची पोती कारभारीमामाच्या टेम्पोत चढली. संस्कृती आणि धनश्री सायकलवर मागोमाग. टेम्पो नगरच्या रस्त्याला लागलाच नाही. ओढ्याकाठी, जिथं गावाचा कचरा कायम धुमसत असतो, तिथं मामानं पोती उलटी केली. थोड्या वेळानं सेल फटाफट फुटू लागले.

"मामा, हे काय करताय?" संस्कृती ओरडली.

"मग काय करू? नगरात कोन घेतंय? भंगारवाला गाडीची बॅटरी घेतो, हे बारके सेल फुकट बी नको म्हनतो. सरांनी नागापूरच्या कारखान्यांत बी विचारलं, तिथं बी नको. तुमचे फोटो निघाले ना? झालं मग!"

धनश्री खोकत मागं सरली. संस्कृती मात्र ढिगाच्या खालच्या अंगाला असलेल्या विहिरीकडं बघत राहिली. चांगुणाआजीची विहीर. आधी निदान गावभर विखुरलेले होते सेल. एका जागी आणले ते तिनंच.

सोमवारी सर म्हणाले, "आता दुसरी फेरी. संस्कृती, तूच पुढं."

संध्याकाळी आई भाकरी थापत होती, आप्पा जेवायला बसले होते.

"मी फेरीला जाणार न्हाई," संस्कृती म्हणाली.

"सर काय म्हनतील?" आईचा हात थांबला.

"म्हनू दे. आन् उद्या चांगुणाआजीला सांगणार, तुझ्या विहिरीचं पाणी पिऊ नको."

"मग काय पिईल ती?" आप्पांनी विचारलं. "दुसरी विहीर हाय कुठं?"

"ते मला म्हाईत न्हाई, आप्पा. पन सांगणार मीच."