चौथ्या मजल्यापर्यंतचं बोलणं

मित्रांनो, मी एक जुनी लिफ्ट आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. हल्लीच्या त्या पत्र्याच्या डब्यांशी माझी तुलना करू नका. त्यांच्यात शिरलं की जीव गुदमरतो आणि वरून एक बाई सांगते, दार बंद होत आहे. अगं, दिसतंय ना आम्हाला! माझं दार जाळीचं आहे, हाताने ओढायचं. आत लाकडी फळ्या, एक आरसा आणि पितळेची मूठ. मी मजल्यावर पोचते तेव्हा मला आधी माणसांचे पाय दिसतात, मग तोंड. तोंडावर कितीही हसू आणा, कोण रागावलंय हे मला पायांवरूनच कळतं.

मला बसवलं तेव्हा पहिल्या खेपेला माझ्या पोटात वाळूची पोती भरली होती. मी हूं की चूं न करता वर गेले. खाली उभे असलेले मिस्त्री म्हणाले, "पोरगी गुणाची आहे." तेव्हापासून मी कुणाला पाडलं नाही. माझ्या आत स्टुलावर एक काका बसायचे. रोज सकाळी फडक्याने पितळ पुसायचे, जाळी स्वतः ओढायचे, स्वतः लावायचे. मग कुणीतरी हिशेब केला, बटण काय, कोणीही दाबेल. काका गेले, स्टूलही गेलं. बटण कोणीही दाबतं हो, पण पितळ पुसायला कोण येतंय? आज माझी मूठ काळी पडली आहे. चालायचंच.

चौथ्या मजल्यावर खेळण्यांची कंपनी होती. लाकडी घोडे, कापडी अस्वलं, डोळे मिटणाऱ्या बाहुल्या, सगळी मंडळी माझ्यातूनच वर-खाली करायची. तिथे एक नवरा-बायको कामाला होते. ती अस्वलं शिवायची, म्हणून सगळे तिला टाकाबाई म्हणत. तो खेळण्यांना रंग द्यायचा, डोळे-नाक काढायचा. तो रंगराव. दोघं हुशार आणि दोघं हट्टी. एकदा अस्वलाचे कान तपकिरी की पिवळे यावरून ऑफिसात वाजलं आणि ते भांडण घरी जेवणाच्या ताटापर्यंत गेलं. रंगरावाच्या आईने भाताचा चमचा आपटून हुकूम सोडला, "या घरात यापुढे अस्वल आणायचं नाही. ऑफिसचं ऑफिसात, घरचं घरी!"

दोघांनी तो नियम असा पाळला की विचारू नका. घरी ऑफिसचा शब्द नाही, ऑफिसात घरचा शब्द नाही. मग दोन्हींच्या मधलं बोलायचं कुठे? माझ्यात! तळमजला ते चौथा मजला, तेवढंच काय ते.

आणि मग कंपनीने सांगितलं, इथलं ऑफिस बंद. काही जणांना काढलं, काही जणांना दूरच्या शहरात बोलावलं. टाकाबाईला बोलावणं आलं, तेही शिवण विभागाची मुख्य म्हणून. रंगरावाचं काम गेलं. रंग आता यंत्र देणार होतं.

आता तुम्हीच सांगा, ही गोष्ट घरची की ऑफिसची? घरी काढावी तर ऑफिसची, ऑफिसात काढावी तर घरची. आणि माझ्यात त्या दिवसांत नेहमी तिसरं माणूस, कुणाचं खोकं, कुणाची कुंडी. तोंडं शिवून दोघं वर जायची, तोंडं शिवून खाली यायची.

एकटी असली की मात्र टाकाबाई आरशासमोर तालीम करायची. "मॅडम, घरच्या अडचणीमुळे मला जमणार नाही." डोळे पुसायची, पुन्हा तेच म्हणायची. दुसऱ्या खेपेला एकटा रंगराव यायचा. तो त्याच आरशाला सांगायचा, "तू जा. मी आईपाशी राहतो. माझं मी बघतो." दोघांचंही ऐकणारी मी एकटी, आणि मला वाचा नाही. नुसती करकर करता येते. ती केली, तर म्हणाले तेल घाला.

उत्तर द्यायचा दिवस आला. जेवणाच्या सुट्टीच्या आत मोठ्या मॅडमना हो की नाही सांगायचं होतं. दोघं आत शिरली आणि मागून हाक आली, "थांबा रे, माझ्यावर जाळी लावता का?" रंगरावाची आई! हातात त्याचा चष्मा. चष्मा विसरला म्हणून ती इतक्या लांब आली, असं तिचं म्हणणं. तिचे पाय वेगळंच सांगत होते.

मी निघाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थबकले. खोटं कशाला बोलू, यात माझी हुशारी काही नव्हती. तिसऱ्या मजल्यावर खोकी ओढणाऱ्या माणसाने तेवढ्यात जाळी उघडून तशीच टाकली होती. कुठल्याही मजल्यावर जाळी उघडी राहिली की मी जागची हलत नाही. कुणाचा पाय पडेल खाली, म्हणून मला तसंच घडवलंय.

"हे असं रोज थांबतं का गं?" आईने विचारलं.

"नाही आई, आजच."

"म्हणजे माझाच पायगुण. बरं, थांबलंच आहे तर बोला. हे घरही नाही आणि ऑफिसही नाही."

टाकाबाईने एकदम सांगून टाकलं, "मी नाही म्हणणार आहे."

"का?" रंगराव ओरडलाच.

"का म्हणजे? तुमचं काम गेलं. वर तुम्हाला घरही सोडायला लावू?"

"अगं, मी तुला एकटीला जा म्हणणार होतो!"

"एकटीला? म्हणजे मी जड झाले का तुम्हाला?"

"झालं!" आई म्हणाली. "भांडायला लागलात ना, आता ठरेल काहीतरी. आणि मला कुणी विचारलं?"

"आई, तुमचं सगळं आयुष्य इथे गेलं. तुमच्या मैत्रिणी—"

"मैत्रिणी! निम्म्यांना ऐकू येत नाही, आणि उरलेल्या ऐकलेलं सगळीकडे सांगत सुटतात. पत्र लिहीन त्यांना. बरं, एक सांगा, घरात हल्ली एकाच पातेल्यात सगळा स्वयंपाक होतोय, कुणाच्या लक्षात आलं?"

टाकाबाईने रंगरावाकडे बघितलं, रंगरावाने आरशाकडे.

"बाकीची भांडी मी केव्हाच खोक्यात बांधली. खोकी पलंगाखाली आहेत. तुम्ही विचाराल, विचाराल म्हणून वाट बघतेय. पण तुमच्या तोंडाला कुलूप!"

"कुलूप तूच लावलंस," रंगराव पुटपुटला.

"अस्वलाला लावलं होतं. संसाराला नव्हतं लावलं, गाढवा."

टाकाबाई हसली. रंगराव हसला नाही. आईने दिलेला चष्मा हातात फिरवत हळूच म्हणाला, "मी तिथे काय करू? घरी बसून बायकोची वाट बघू?"

हे तो आरशालाही बोलला नव्हता.

टाकाबाई म्हणाली, "यंत्र हजार अस्वलं रंगवेल. पण नमुन्याचं पहिलं अस्वल कुणीतरी हाताने रंगवतंच. मी विचारते मॅडमना."

"माझ्यासाठी हात पसरू नकोस."

"हात कशाला पसरू? तुम्ही डोळे रंगवलेलं अस्वल त्यांच्या टेबलावर ठेवते. त्यांनी त्याच्याकडे बघावं आणि मग नाही म्हणावं."

"आणि म्हणाल्या तर?"

"तर दुसरीकडे काम शोध," आई म्हणाली. "मिळेपर्यंत माझ्याशी भांडायला घरी कुणीतरी लागतंच. चष्मा घाल आधी."

त्याने चष्मा घातला. बायकोकडे बघितलं. "हो म्हण," तो म्हणाला. "तिघं जाऊ."

तेवढ्यात खालून रखवालदार ओरडला, "तिसऱ्यावरची जाळी लावा रे!" खणकन आवाज झाला आणि मी अशी निघाले, अशी निघाले, की जणू कालच बसवली होती मला.

चौथ्या मजल्यावर ती दोघं बरोबरीने उतरली. आई मागे राहिली. तिने रुमाल काढला आणि माझी पितळेची मूठ घासली. "म्हातारे, बरी थांबलीस," म्हणाली. म्हातारी कुणाला म्हणते ही, हे विचारायचं राहून गेलं. पण मूठ चमकली हो, तेवढ्यापुरती का होईना.

थोड्या वेळाने टाकाबाई 'हो' सांगून खाली आली ती मोकळ्या हाताने. अस्वल मॅडमनी ठेवून घेतलं होतं. बघू म्हणाल्या होत्या. रंगराव त्या 'बघू'वरच शीळ घालत होता.

आता चौथा मजला रिकामा आहे. नवे भाडेकरू येणार म्हणतात. परवा एक मिस्त्री येऊन माझे दोर तपासून गेला. "अजून दणकट आहे," म्हणाला. मी वाट बघतेय. भांडणारी माणसं आली तरी चालतील, मुकी नकोत.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लिफ्टमध्ये बसलात तर जाळी नीट लावा, मूठ जमेल तेव्हा पुसा. आणि आपल्या माणसाशी बोलायचं असेल तर घरातच बोला, जेवतानाच बोला. माझ्या अडकण्याची वाट बघू नका. मी काही रोज अडकत नाही.